पहिली आवृत्ती म्हणून घेतलेले पुस्तक

मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याचे, संस्कृत काव्य आणि त्यावरील टीका असलेले एक पुस्तक मी पहिली आवृत्ती समजून सहा हजार रुपयांना घेतले आणि फसलो. विकणारे गृहस्थ आमच्याच अमळनेर भागातले, अहिराणीत आपुलकीने बोलणारे. पारोळ्याकडच्या एका जुन्या वाड्यातला संग्रह निघाला आहे, असे त्यांनी सांगितले. खानदेशात ही गोष्ट सहज पटते. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात आणि समर्थ वाग्देवता मंदिरात जुन्या पोथ्या, कागदपत्रे जतन केलेली आपण पाहिलेली असतात, त्यामुळे एखाद्या घराच्या माळ्यावरून असे पुस्तक निघाले यात मला काहीच वावगे वाटले नाही.

त्यांनी मोबाईलवर तीन फोटो पाठवले: बांधणीचा, शीर्षकपृष्ठाचा आणि प्रस्तावनेच्या शेवटच्या पानाचा. प्रस्तावनेखाली शके १८११ असे स्वच्छ छापलेले होते, म्हणजे ७८ मिळवून इ.स. १८८९. शीर्षकपृष्ठावर आवृत्तीचा उल्लेख नव्हता, आणि पहिल्या आवृत्तीवर तो बहुधा नसतोच, एवढे मला ठाऊक होते. या अर्धवट माहितीनेच माझा घात केला.

पुस्तक हाती आल्यावर मी ते मोठ्या आनंदाने धुळ्याच्या एका निवृत्त ग्रंथपालांना दाखवायला नेले. त्यांनी प्रस्तावनेकडे पाहिलेसुद्धा नाही. थेट शेवटचे पान उघडले. तिथे बारीक टायपात प्रकाशक म्हणून पांडुरंग जावजी हे नाव होते. छापखान्याचे संस्थापक जावजी दादाजी १८९२ मध्ये वारले, त्यानंतरच्या पुस्तकांवर तुकाराम जावजी हे नाव दिसते, आणि पांडुरंग जावजी हे नाव १९३० च्या आसपासच्या पुस्तकांवर असते. पहिल्या आवृत्तीची प्रस्तावना पुढच्या आवृत्त्यांतही शकासह जशीच्या तशी छापली जाते, हे त्या दिवशी मला कळले.

मग त्यांनी शीर्षकपृष्ठ खिडकीशी धरले. ग्रंथनामाच्या खाली बोटभर रुंदीचा पट्टा इतर कागदापेक्षा विरळ होता, त्यातून उजेड येत होता. ओळ ब्लेडने खरवडून काढलेली होती. पण खिळ्यांच्या, म्हणजे धातूच्या सुट्या अक्षरांच्या, छपाईत अक्षर कागदात दाबले जाते आणि वरची शाई गेली तरी मागच्या बाजूचा उठाव पुरता जात नाही. पान उलटून तिरप्या उजेडात धरल्यावर ‘तृतीया’ एवढी अक्षरे उलटी, पण वाचता येतील अशी दिसली. पुस्तक जुने म्हणून वाईट अवस्थेत असते तर मी काही बोललो नसतो. इथे कुणीतरी शांतपणे बसून छापील अक्षर खोडले होते, याचे मला फार वाईट वाटले.

विक्रेत्यांना फोन केला तेव्हा ‘जसे मिळाले तसे दिले’ एवढेच उत्तर आले, आणि पुढे फोन उचलणे बंद झाले. पहिली आवृत्ती हे शब्द ते फक्त तोंडी बोलले होते. माझ्याकडे पैसे पाठवल्याची नोंद आहे, पण कशाचे पैसे हे कुठेच लिहिलेले नाही. म्हणून कळकळीने सांगतो, पैसे देण्याआधी शेवटच्या पानाचा, शीर्षकपृष्ठाच्या मागच्या बाजूचा आणि अखेरीस पुस्तकांची जाहिरात असेल तर तिचाही फोटो मागावा, कारण जाहिरातीत नंतरच्या वर्षांची पुस्तके आढळली की तारखेचा प्रश्न तिथेच मिटतो. आवृत्ती कोणती, हे विक्रेत्याकडून संदेशात लिहून घ्यावे.

ते पुस्तक मी ठेवून घेतले आहे. खरवडलेल्या जागेच्या बाजूला मऊ पेन्सिलीने ‘तृतीय आवृत्ती, प्रकाशक पांडुरंग जावजी’ असे लिहिले आहे, म्हणजे माझ्यामागे ते पुन्हा पहिली आवृत्ती म्हणून कुणाला विकले जाणार नाही.