शॉवर जेल सोडून साबणाची वडी: देवबागच्या बावीवर अकरा महिने

ठरवून काही केलं नव्हतं. गेल्या वर्षी पावसाने मे महिन्यातच कोकण गाठलं आणि नेमक्या त्याच आठवड्यात न्हाणीतली शॉवर जेलची बाटली संपली. उलटी ठेवली, थोपटली, आत पाणी घालून खळखळवली, असे आणखी चार दिवस काढले. मालवण बाजारात जावं असा पाऊस नव्हता. वाडीतल्या दुकानात मिळाला तो वडीचा साबण. म्हटलं, पाऊस उघडेपर्यंत चालवू. आता दुसरा मे आलाय आणि वडीच चालू आहे.

जेलची सवय मला डोंबिवलीत लागली. बारा वर्षं तिथे काढली. सकाळची लोकल धरायची तर पंप दाबला, जाळीवर फेस केला, अंगावर फिरवला, संपलं. देवबागला परत आल्यावरही बाटली सोबत आली. आई पहिल्या दिवशी बाटलीकडे बघून म्हणाली होती, "ह्याना तू आंग धुतंस काय भांडी घासतंस?" तेव्हा हसण्यावारी नेलं. नंतर एकदा रिकामटेकडेपणात बाटलीची मागची बाजू वाचली. पहिलं नाव पाण्याचं. मग सोडियम लॉरेथ सल्फेट, कोकामिडोप्रोपिल बीटेन, आणि पुढे सोडियम क्लोराइड, म्हणजे आपलं मीठ. जेल दाट व्हावं म्हणून मीठ घालतात. समुद्र आणि कर्ली नदी यांच्या मधल्या वाळूच्या पट्टीवर राहून मी बाटलीतलं मीठ-पाणी विकत घेत होतो.

पण वडीने पहिल्याच महिन्यात मला पुरतं छळलं, हेही सांगायला हवं.

दुकानातून आणलेली पहिली वडी सगळ्यात स्वस्त होती. आंघोळ झाली की नडगीवर बोट फिरवलं तर चर्रकन अडकायचं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पायावर नखाने ओढलं की पांढरी रेघ. वेष्टण अजून कचऱ्यात होतं, ते काढून वाचलं तर त्यावर 'बेदिंग बार' लिहिलेलं. 'टॉयलेट सोप' निराळा आणि 'बेदिंग बार' निराळा, हे मला चाळिशी उलटल्यावर कळलं. फरक असतो तो टीएफएमचा, म्हणजे वडीत खरा साबण म्हणावा असा स्निग्ध अंश किती त्याचा. ग्रेड १च्या टॉयलेट सोपमध्ये तो किमान ७६ टक्के हवा, ग्रेड २मध्ये ७०, ग्रेड ३मध्ये ६०. बेदिंग बारला ४० टक्क्यांवरही चालतं, बाकी भरणा. दुसऱ्या खेपेला ग्रेड १ची वडी आणली आणि निम्मी तक्रार तिथेच मिटली. उरलेली निम्मी माझ्या हाताची होती. जेलच्या सवयीने मी डोक्यापासून पायापर्यंत साबण फासत होतो. आता काखा, जांघा, मान, पाय एवढ्यालाच वडी लागते. बाकीच्या अंगाला तिचा उतरलेला फेस पुरतो.

पावसाळ्यात खरी परीक्षा वडीची नसते, वडी ठेवण्याच्या जागेची असते. श्रावणापर्यंत आमच्या न्हाणीत काहीच वाळत नाही. पंचा वाळत नाही, भिंत वाळत नाही, मग साबण कुठला वाळायला. प्लास्टिकच्या डबीत ठेवलेली वडी सकाळी उचलावी तर खालचा अर्धा भाग खिरीसारखा डबीलाच राहायचा. पहिली १०० ग्रॅमची वडी मला एकट्याला तेरा दिवस पुरली. दोन डब्या बदलल्या. एक खाली भोकांची, एक खाचांची. भोकं साबणानेच बुजली.

उपाय मागच्या दारी पडलेला होता. नारळ फोडला की डोळ्यांकडची जी करटी असते, तिला तीन डोळे. त्यांतला एक कच्चा असतो, खिळा टेकवून दाबला की आरपार जातो. करटी आतून-बाहेरून कानशीने घासून घेतली, कच्चा डोळा मोकळा केला, काथ्याच्या दोरीची लहान चुंबळ करून तिच्यावर बसवली. आत सुकलेल्या घोसाळ्याच्या जाळीचं दोन बोटं जाडीचं चाक. वडी त्या जाळीवर राहते, पाणी जाळीतून खाली आणि डोळ्यातून बाहेर. तेव्हापासून तेवढीच वडी भर पावसात एकवीस दिवस जाते, थंडीत महिना ओलांडते. जाळी दीड-दोन महिन्यांनी बदलायची, नाहीतर तिला कुबट वास येतो. परसात घोसाळ्याचा वेल असेल तर खर्च शून्य. घरात प्रत्येकाची करटी वेगळी. दुसऱ्याचा केस चिकटलेली वडी हातात येणं हा वडीविरुद्धचा सगळ्यात सबळ मुद्दा, तो त्यामुळे निकालात निघाला.

दुसरी युक्ती आईची. साबण आणला की वेष्टण काढून कपाटात साड्यांच्या घडीत ठेवायचा, महिनाभर. मला वाटायचं साड्यांना वास यावा म्हणून. ते आहेच, पण उघडी वडी सुकते, टणक होते आणि मग न्हाणीत सावकाश झिजते. आईच्या कपाटात म्हैसूर सँडल असतो, दुसरा साबण तिला साबण वाटत नाही. (त्या साबणामागची गोष्ट मला आवडते. पहिल्या महायुद्धात चंदन युरोपला जायचं थांबलं, म्हैसूर संस्थानात लाकडाचे ढीग पडून राहिले, त्यातून तेल आणि १९१६ साली बंगळुरात सरकारी साबण कारखाना. अडलेल्या मालातून निघालेला साबण शंभर वर्षांवर टिकलाय.)

जुलैत हौसेने एक फसलेली खरेदी केली. कुडाळला एका प्रदर्शनात बचतगटाच्या बायका खोबरेल तेलाचा हाताने केलेला साबण विकत होत्या. आठ वड्या घेतल्या. घरी आणून उघडला तर तासाभरात त्याच्या अंगावर घाम. थेंब न् थेंब मोजता यावा असा. हाताने केलेल्या साबणात तयार होणारं ग्लिसरीन आतच राहतं आणि ग्लिसरीन हवेतली ओल ओढतं. आमच्या जुलैच्या हवेत ओलीला काय तोटा! शिवाय झिजायला इतका घाईचा की करटीत ठेवूनही आठ दिवसांत संपला. उरलेल्या सात वड्या मी वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावरच्या डब्यात टाकल्या आणि विसरून गेलो.

ऑक्टोबरात ऊन पडलं तशी करटी न्हाणीतून काढून बावीच्या, म्हणजे विहिरीच्या, कठड्यावर ठेवली, नीट वाळावी म्हणून. चौथ्या दिवशी करटी होती, वडी नव्हती. आईला विचारलं तर तिने वर माडाकडे बोट दाखवलं. "कावळ्यान न्हेल्यान मरे!" नवीकोरी, वेष्टण काढून सुकवलेली, ग्रेड १ची वडी. दोन दिवसांनी ती शेजाऱ्यांच्या केळीखाली सापडली, चोचीच्या खड्ड्यांनी भरलेली. तेलकट वासावर कावळे येतात, रात्री उंदीर येतात. जेलची बाटली मात्र कावळ्याने कधी नेली नाही, एवढं श्रेय तिला दिलं पाहिजे. आता दिवसा करटीवर दुसरी करटी उपडी असते.

पैशांचं थोडक्यात. मला २५० मिलिलिटरची बाटली साधारण दोनशे रुपयांना पडायची आणि तीन आठवडे जायची. पन्नासच्या आतबाहेरची वडी तितकेच दिवस जाते. त्यात २२ सप्टेंबर २०२५ला, घटस्थापनेच्या दिवशी, वडीच्या साबणावरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ वर आला. बाटलीतला १८ वरच राहिला. आणि आमच्या किनाऱ्यावर पावसाळ्यात समुद्र जे काही परत आणून टाकतो, त्यात पंपाच्या बाटल्या किती असतात ते इथे राहणाऱ्याला सांगायला नको.

थंडीत वडी पुन्हा थोडी बोचली. आमची थंडी ती काय, पहाटे अंगावर चादर ओढावी एवढी, पण मतलई वारा सुटला की कातडी ओढली जाते. साबण मुळातच अल्कधर्मी, त्याचा पीएच ९-१० असतो आणि कातडीचा ५च्या आसपास. जेल बनवताना तो पीएच कातडीजवळ आणून ठेवता येतो, वडीच्या साबणाला ते जमत नाही. तसा आणला तर तो साबणच राहत नाही. डव्हची वडी वेगळी वाटते ती याच कारणाने, ती मुख्यतः साबण नव्हेच, वडीच्या आकारातलं दुसरं रसायन आहे. ज्याची कातडी मुळात कोरडी किंवा ज्याला इसब आहे त्याने माझं ऐकून बदल करू नये. माझं निभावलं ते आंघोळीआधी हातापायांना लावलेल्या खोबरेलावर आणि टाचांना लावलेल्या कोकमाच्या तेलावर. बायकोने डिसेंबर-जानेवारी सरळ जेलच वापरलं. तिच्याशी वाद घातला नाही.

एका ठिकाणी मात्र वडी आणि जेल दोन्ही सारखेच नापास. बांगडे साफ केल्यावर हात कितीही धुवा, नखांत वास राहतो. तो वास ज्या द्रव्यांचा ती स्वतःच अल्कधर्मी, मग साबणाने त्यांचं काय वाकडं होणार? आंबट लागतं. लिंबाची पिळलेली फोड किंवा कोकमाचं आगळ आधी, साबण नंतर. मासळी साफ करणारी कुठलीही बाई हे करतेच, मी उगाच साबण बदलत बसलो होतो.

आम्ही दोन खोल्या पर्यटकांना देतो. तिथे मी लहान वड्या ठेवून पाहिल्या. पुण्या-मुंबईचे निम्मे पाहुणे विचारतात, "लिक्विड नाही का?" आणि दोन दिवसांत संपत नाहीत त्या अर्ध्या वड्या मागे राहतात. सगळे तुकडे लसणाच्या जाळीच्या पिशवीत भरून मागच्या दारी नळाला टांगलेत, पाय आणि हात धुवायला. खोल्यांमध्ये परत पंप ठेवला. दुसऱ्याची वडी कोणी हातात घेत नाही आणि दर पाहुण्याला नवी उघडली तर नासाडी जास्त.

आता मार्चपासूनची गोष्ट, जिच्यासाठी खरं तर हे लिहायला बसलो.

जेल वापरत होतो तेव्हा बावीचं पाणी कधी बदललं ते मला कळायचंच नाही. फेस बारा महिने सारखाच. वडीने ते पहिल्यांदा दाखवलं. पावसाळ्यात पाणी इतकं मऊ की अंगावरचा बुळबुळीतपणा तीन तांबे ओतले तरी जात नाही. होळी होऊन गेली आणि फेस रोज थोडा थोडा कमी होऊ लागला. एप्रिलच्या मध्यावर तर वडी अंगावर नुसती सरकायची आणि बादलीत पांढऱ्या कण्या तरंगायच्या, फाटलेल्या दुधासारख्या. मी दुकानदाराला दोष द्यायच्या तयारीत होतो. आईने पाण्याचं बोट जिभेला लावलं. "बावीचा पाणी खारावला. साबणाचो काय दोष रे?"

आमच्या वाळूत गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं, गोडं हलकं म्हणून. पाऊस नाही, उपसा चालू, पर्यटकांमुळे जास्तच. मग गोड्याचा थर पातळ होतो आणि खारं वर सरकतं. खाऱ्या पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम साबणाला धरून त्याच्या न विरघळणाऱ्या कण्या करतं. मिठाचं काम आणखी वेगळं. साबण कारखान्यात शिजलेल्या काढ्यातून साबण सुटा करायला मीठच टाकतात, साबण वर येऊन बसतो. माझ्या बादलीत तेच होत होतं, फक्त उलट्या हेतूने.

तेव्हा माळ्यावरच्या डब्याची आठवण झाली. खोबरेलाच्या साबणातली स्निग्ध आम्लं आखूड साखळीची, म्हणजे त्यांचे रेणू लहान, त्यामुळे तो पाण्यात झटकन विरघळतो, अगदी खाऱ्याही पाण्यात. पूर्वी जहाजांवर समुद्राच्या पाण्यात आंघोळ करायला खलाशी खोबरेलाचाच साबण न्यायचे. जुलैत ज्या गुणापायी मी त्याला हाकलला, तोच गुण एप्रिलमध्ये हवा होता. नऊ महिने डब्यात पडून त्या वड्या खडखडीत वाळल्या होत्या, घामाचं नाव नाही. पहिल्याच तांब्याला फेस आला, जेलसारखा मऊ नाही, मोठ्या बुडबुड्यांचा, लवकर बसणारा, पण फेस. आंघोळीनंतर अंग जरा जास्त कोरडं पडतं, पण मेच्या घामात त्याची कोणाला पडलीय! बायकोही सध्या तोच वापरते.

सातांतल्या तीन उरल्यात. दिवसाआड बावीचं पाणी चाखून बघतो, आणि बघितलं नाही तरी सकाळी करटीतली वडी सांगतेच. पाऊस येईपर्यंत तीन पुरतील असं वाटतं. गेल्या आठवड्यात एक कावळा वरची करटी चोचीने ढकलायला शिकलाय, तिच्यावर आता दगड ठेवलाय.