पाचशे पीस सेम टू सेम? कातरणीच्या जॅकेटचा आणि एका ट्रेड शोचा रिव्ह्यू

मुंबईत गोरेगावला नेस्कोच्या प्रदर्शन हॉलमध्ये एक गारमेंट ट्रेड शो झाला, तिथे जाऊन आले. नाशिकला माझं कपड्यांचं छोटं दुकान आहे त्यामुळे सीझनच्या खरेदीला जावंच लागतं, पण यावेळी ठरवूनच गेले होते की आधी सर्क्युलर डिझाइनवाले, म्हणजे कपडा परत परत वापरता येईल असा शिवणारे, छोटे स्टॉल बघायचे आणि मग बाकीची खरेदी. दुकानात येणाऱ्या कॉलेजच्या मुली आता सरळ विचारतात, हे कशापासून बनवलंय, जुनं झाल्यावर याचं काय करायचं. त्यांना खरं उत्तर देता यावं असा माल मला हवा होता.

छोटे ब्रँड शोधायला हॉलच्या पार टोकाला जावं लागलं, माल उतरवायच्या गेटजवळ, जिथे एसी पोचत नाही आणि ट्रॉल्यांचा खडखडाट चालू असतो. मोठ्या होलसेलरचे चकचकीत स्टॉल दारातच आणि यांना तीन बाय तीन मीटरची जागा, तीही दोघांनी मिळून घेतलेली. आयोजकांच्या बॅनरवर मात्र सस्टेनेबिलिटी सगळ्यात मोठ्या अक्षरात. मला हे अजिबात पटलं नाही. ज्यांच्या नावावर शोची जाहिरात करता त्यांना निदान दिसेल अशी जागा तरी द्या.

आता जॅकेटबद्दल. एका स्टॉलवर दोन बायका होत्या, त्यातली एक स्वतः कटिंग करणारी. गारमेंट युनिटमध्ये कापड कापताना साधारण दहा ते पंधरा टक्के कापड कातरण म्हणून बाजूला पडतं, त्यातले मोठे तुकडे त्या किलोवर विकत घेतात आणि जुन्या सुती साड्यांबरोबर जोडून जॅकेट शिवतात. मी सवयीप्रमाणे जॅकेट आधी उलटं करून बघितलं, कारण बाहेरून सगळीच छान दिसतात, आतून कळतं. आत ओव्हरलॉकचे लोंबते धागे नव्हते, प्रत्येक शिवण साडीच्या काठाच्या पट्टीने पायपिंग करून बंद केलेली, अस्तर फक्त खांद्याला, फ्युझिंग म्हणजे इस्त्रीने चिकटवायचं अस्तर कुठेच नाही, दोरा सुद्धा सुती. बटणं लाकडाची आणि खिशाच्या आत दोन जास्तीची टाकलेली. विचारलं फ्युझिंग का नाही, तर ताई म्हणाल्या, "चिकटवलं की नंतर उसवता येत नाही हो, आणि उसवता आलं नाही तर परत वापरणार कसं?"

सर्क्युलर डिझाइन म्हणतात ते हेच. नुसतं टाकाऊ कापड वापरलं म्हणजे झालं असं नाही, तो कपडा उद्या उसवता आला पाहिजे, दुरुस्त करता आला पाहिजे, आणि अगदीच संपला तर त्याचं सूत तरी परत निघालं पाहिजे. आपल्याकडे बोहारणीला साडी देताना बायका काठ काढून ठेवायच्या, गोधडीला लुगडं जायचं, त्यामुळे यातलं बरंच काही आपल्याला हाताने माहीत आहे.

थोडं पुढे एका दुसऱ्या स्टॉलवर टॅगवर भलं मोठं सर्क्युलर लिहिलेलं, पण कापड कॉटन-पॉलिस्टर आणि वर स्पँडेक्स, म्हणजे ताणला जाणारा धागा. अशी मिश्रणं रिसायकल करणं फार अवघड जातं. शुद्ध कॉटनचंही मशीनवर परत सूत काढलं की तंतू आखूड होतात आणि मजबुतीसाठी नवा कापूस नाहीतर पॉलिस्टर मिसळावं लागतं, मग स्पँडेक्सवाल्याचं काय. मी विचारलं जुना पीस परत घेता का, तर त्यांच्याकडे तशी सोयच नव्हती. तिथून काही घेतलं नाही.

जॅकेटवाल्या ताईंकडे बसले होते तेव्हाच एक मोठे बायर आले, जॅकेट आवडलं त्यांना, म्हणाले पाचशे पीस द्या पण सेम टू सेम. ताई शांतपणे म्हणाल्या, "दादा, माप सेम देते, शिवण सेम देते, कापड सेम नाही मिळणार." बायर कार्ड ठेवून निघून गेले. मला मनापासून वाईट वाटलं, कारण सगळं घोडं इथेच अडतं. कातरण दर आठवड्याला वेगळी येते, साडी तर प्रत्येक वेगळीच, आणि ट्रेड शोची सगळी पद्धतच एक सॅम्पल दाखवा आणि त्याच्या हजार कॉप्या द्या अशी आहे. यावर त्यांनी काढलेला मार्ग मला पटला. पॅटर्न चार, साइज ठरलेल्या, कॉलर आणि बाह्यांचं कापड ठरलेलं, बदलतात फक्त पुढचे-मागचे पॅनेल, तेही निळे, मातकट, लाल अशा रंगांच्या गटात. ऑर्डर द्यायची ती रंगाच्या गटावर. बायरने एवढं समजून घेतलं तरी यांचा धंदा चालेल.

हे जमतं याची उदाहरणं आपल्याजवळच आहेत. मुंबईचं 'आय वॉज अ साडी' हे ब्रँड जुन्या साड्यांपासूनच वस्तू बनवतं आणि २०१९ मध्ये लॅक्मे फॅशन वीकचं पहिलं सर्क्युलर डिझाइन चॅलेंज त्यांनीच जिंकलं. पुण्याचं रीचरखा प्लास्टिकच्या पिशव्या धुऊन, पट्ट्या कापून, चरख्यावर गुंडाळून हातमागावर विणतं. त्यांची टोट मी वापरते, त्यात उभा धागा सुती आणि आडवी प्लास्टिकची पट्टी, रंग मूळ पिशवीचाच, वेगळा डाय नाही. जवळून बघितलं की वेफर्सच्या पाकिटाची चमक दिसते त्यात, मला ते फार आवडतं. पुण्यातूनच 'विदाउट' नावाच्या ब्रँडने २०२३ मध्ये वेफर्सच्या पाकिटांपासून गॉगल आणले.

आता जॅकेट धुण्याचा अनुभव सांगते. सॅम्पल घरी आणून गार पाण्यात धुतलं तर एका लाल पॅनेलचा रंग शेजारच्या क्रीम पॅनेलवर उतरला. जुन्या साडीचा भाग जसाच्या तसा राहिला, ती आधीच कितीतरी वेळा धुतलेली असते, रंग गेला तो कारखान्याच्या नव्या कातरणीचा. फोटो पाठवले तर ताईंनी जॅकेट परत मागवलं, दोन्ही पॅनेल उसवून नवीन लावून पाठवलं, शिवणीवर कळत पण नाही. कुरियर माझ्या खर्चाने, दुरुस्ती फुकट. पण ही गोष्ट माल बाहेर पडायच्या आधी व्हायला हवी, प्रत्येक कातरण आधी भिजवून बघा असं त्यांना स्पष्ट सांगितलंय आणि त्यांनी मान्यही केलं.

किंमत सोळाशे पन्नास होलसेल, दुकानात बत्तीसशेला लावलंय. महाग आहे, हो. पण एका जॅकेटचे तुकडे निवडून जुळवायला शिवण्याइतकाच वेळ लागतो आणि त्या वेळेचे पैसे बायकांना मिळायलाच हवेत. पेमेंटबद्दल दुकानदारांना कळकळीने सांगते, उधारी लांबवू नका. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे असा कायदाच आहे, आणि यांच्याकडे तर कातरणवाला रोख मागतो.

एक्स्पोर्टवाल्यांनीही हे स्टॉल नीट बघावेत. युरोपियन युनियनमध्ये १ जानेवारी २०२५ पासून जुने कपडे वेगळे गोळा करणं बंधनकारक झालंय, आणि मोठ्या कंपन्यांना न विकलेले कपडे नष्ट करायला जुलै २०२६ पासून बंदी. उसवता येणारा, दुरुस्त होणारा कपडा कसा शिवायचा हे त्या टोकाच्या स्टॉलवर बसलेल्या बायकांना आजच येतं.

मी निळ्या आणि मातकट गटाची ऑर्डर दिलीये, लाल सध्या थांबवलाय. एक्सएल आणि डबल एक्सएल जास्त मागवलेत कारण त्या साइज शोमध्ये कमीच होत्या. कुणाला घ्यायचं असेल तर जुना पीस परत दिल्यावर किती रुपये वळते होणार हे बिलावर लिहून घ्या, आमच्या बिलावर त्यांनी तीनशे लिहून दिलेत.