डीपीएफ, बाटल्या आणि सातारा रस्ता: अकरा महिन्यांचा अनुभव

गाडी दीड लिटरची बीएस६ डिझेल. कोथरूड ते हिंजवडी रोजची ये-जा, तीही बहुतेक दुसऱ्या गिअरमध्ये. गेल्या पावसाळ्यात डीपीएफचा, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा, दिवा लागला. सर्व्हिस सेंटरवाल्यांनी लॅपटॉप जोडून काजळी जाळून दिली, बिल लावलं आणि वर डिझेलमध्ये मिसळायच्या अ‍ॅडिटिव्हची एक बाटली हातात ठेवली: "दर महिन्याला टाकीत ओता, परत यावं लागणार नाही." अडीच महिन्यांत परत गेलो.

मग गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचा, हजाराच्या आतला एक ओबीडी डोंगल घेतला. फोनवर फिल्टरमध्ये किती ग्रॅम काजळी साठली ते दिसतं. शहरात माझी गाडी साधारण १९० किलोमीटरला रिजनरेशन, म्हणजे साठलेली काजळी जाळणं, सुरू करते. आयडलिंग हजारावर जातं, मायलेजचा आकडा कोसळतो, आणि नेमकं तेव्हाच ऑफिसचं गेट येतं. गाडी बंद केली तरी पंखा घरघरत राहतो. हीच खरी गोची. काजळी जळायला ६०० अंशांच्या आसपास तापमान लागतं, त्यासाठी इंजिन जादा डिझेल सोडतं, आणि काम अर्धवट राहिलं की त्यातलं थोडं ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर ऑइलची पातळी वाढलेली बघून मी आधी खूश झालो होतो! वास घेतल्यावर कळलं.

आता बाटल्यांचं. पहिली निव्वळ इंजेक्टर साफ करणारी होती. तीन महिने टाकली, १९० चे १९५ सुद्धा झाले नाहीत. इंजेक्टर खराब असतील तर ते साफ झाल्यावर काजळीच कमी होईल, हे मान्य. माझे बरे होते. दुसरी लोहयुक्त. ती काजळीचं जळण्याचं तापमान खाली आणते. हिचा फरक दिसला: सतरा-अठरा मिनिटं चालणारं रिजनरेशन बारा-तेरा मिनिटांत उरकायला लागलं. पण त्या लोहाचीही शेवटी राखच होते, आणि राख जळत नाही, फिल्टरमध्येच बसते. म्हणून आता तिसऱ्या टाकीला एकदा, बाटलीवरच्या मापाने, थेंबभरही जास्त नाही.

प्रीमियम डिझेलच्या पाच टाक्या भरून पाहिल्या. इंजिनचा आवाज मऊ वाटला (की पैसे जास्त दिले म्हणून वाटला?), डोंगलवर काही हललं नाही. तसंही एप्रिल २०२० पासून साध्या डिझेललाही गंधकाची मर्यादा १० पीपीएमच आहे.

ऑइलकडे मात्र मी उशिरा बघितलं. मॅन्युअलमध्ये कमी राखेचं, सी३ दर्जाचं ऑइल लिहिलंय, बिलावर घट्टपणाचा ग्रेड होता पण सी३चा पत्ता नव्हता. विचारल्यावर "सगळं एकच असतं साहेब." आता डबा मी स्वतः नेतो, आणि दहाऐवजी सात हजार किलोमीटरवर बदलतो.

सगळ्यात जास्त गुण आला तो रविवारच्या सातारा फेरीचा. खेड शिवापूर सोडलं की चौथ्या गिअरमध्ये २,२००-२,५०० आरपीएम, खंबाटकी चढताना पाय न उचलता. एकदा २१ ग्रॅमवर निघालो, साताऱ्यात चहाला थांबलो तेव्हा ६ होते. बायको म्हणते, फिल्टरच्या नावाखाली कंदी पेढे खायला जातोस. तेही आहेच.

भाऊ आठवड्यातून तीनदा नगरला जातो, गाडी हीच, माझ्याहून वर्षभर जुनी. उरलेली अर्धी बाटली त्याला देऊ केली, तर विचारतो, "हे कशात टाकायचं असतं?"