जळगावच्या दमट पावसाळ्यात ओलावा शोषणारे यंत्र : जुलै ते फेब्रुवारीचा अनुभव

वर्षाकाठी साधारण ७०० मिलिमीटर पाऊस आणि मे महिन्यात ४५ अंशांपर्यंत चढणारा पारा असलेल्या जळगावात ओलाव्यासाठी यंत्र कशाला, असे बहुतेक नातेवाइकांनी आम्हाला विचारले. तरीही आमच्या तळमजल्यावरच्या उत्तरेकडील खोलीत दर पावसाळ्यात कपाटाला कुबट वास येत असे, उन्हात कडकडीत वाळवलेले बिबडे आणि उडदाचे पापड डब्यातही सादळत असत, आणि खिडकीच्या लाकडी चौकटीवर बुरशीचे काळे ठिपके धरत असत. म्हणून गेल्या जुलैत आम्ही कॉम्प्रेसरवर चालणारा, १२ लिटर क्षमतेचा डीह्युमिडिफायर घेतला. आतल्या गार नळ्यांवर हवेतील बाष्पाचे पाणी होते, ते टाकीत गळते आणि कोरडी झालेली हवा किंचित तापून बाहेर पडते, एवढेच त्याचे काम. वेष्टनावरचे १२ लिटर हे ३० अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता गृहीत धरून चोवीस तासांसाठी सांगितलेले असतात. घरात तेवढे पाणी निघेल अशी अपेक्षा कोणीही ठेवू नये.

खोलीतल्या हवेत मुळात पाणी किती असते, याचा हिशेब केला की यंत्राचे मोल आणि मर्यादा दोन्ही कळतात. बारा बाय बारा फुटांच्या आणि दहा फूट उंचीच्या खोलीत सुमारे ४१ घनमीटर हवा असते. तापमान २८ अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असेल, तर त्या सगळ्या हवेत मिळून एक लिटरपेक्षा थोडे कमीच पाणी असते. आमची टाकी मात्र सुरुवातीला दारे-खिडक्या बंद असूनही रोज दोन-अडीच लिटर भरत होती. हे जास्तीचे पाणी गाद्या, कपडे, पुस्तके, भिंती आणि फटींमधून येणारी हवा यांतून येत होते. गाद्या आणि कपाट सुकल्यावर पाणी कमी झाले, आर्द्रतामापकावरचा आकडा साठच्या खाली आला, वास गेला आणि चौकटीवर पुसलेली बुरशी पुन्हा उगवली नाही. तरी टाकीतले पाणी एका पातळीच्या खाली काही येईना, आणि उत्तरेच्या भिंतीचे पोपडे पडतच राहिले.

अशा वेळी एक साधी परीक्षा करावी. ॲल्युमिनियमच्या फॉईलचा हातभर तुकडा भिंतीला लावून त्याच्या चारही कडा चिकटपट्टीने बंद कराव्यात आणि दोन दिवसांनी पाहावे. खोलीकडच्या बाजूला ओल दिसली, तर ती हवेतली. फॉईलच्या मागे दिसली, तर ती भिंतीतली. आमच्याकडे वरचा तुकडा दोन्ही बाजूंनी कोरडा राहिला, पण जमिनीलगतच्या तुकड्याच्या मागे थेंब जमले होते आणि तिथल्या गिलाव्याला लोणाही लागला होता. गवंडीकाका म्हणाले, "ताई, जोत्याला टेकवून फुलझाडांची माती भरलीय, ती आधी काढा. काळी माती दिवाळीपर्यंत पाणी धरून ठेवते." माती काढली, गच्चीच्या पन्हळीचे पाणी पाइपने दूर नेले आणि फुगलेला गिलावा काढून भिंत पूर्ण सुकू दिल्यावरच नवा केला. त्यानंतर यंत्राला पूर्वीपेक्षा निम्मेही काम उरले नाही. भिंत पाणी ओढत असताना कितीही महाग यंत्र लावले, तरी ते फक्त विजेचे बिल वाढवील.

खिडकीच्या काचेबाबतही थेंब कोणत्या बाजूला आहेत, हे आधी बोट फिरवून पाहावे. पावसाळ्यात एसी लावलेल्या खोलीची काच सकाळी बाहेरून ओली होते, कारण गार काचेला बाहेरची दमट हवा लागते. त्यावर आतल्या यंत्राचा काहीही उपयोग नाही. एसीचे तापमान २२ ऐवजी २६ ठेवल्यावर आमची काच कोरडी राहू लागली.

यंत्राचा सर्वांत मोठा त्रास म्हणजे उष्णता. वीज आणि बाष्पाचे पाणी होताना सुटणारी उष्णता ही दोन्ही खोलीतच राहतात, त्यामुळे बंद खोली दोन-तीन अंशांनी तापते, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या उकाड्यात ते असह्य होते. आम्ही खोली रिकामी असताना दुपारी ते चालवतो. सुमारे २३० वॅटच्या या यंत्राला आठ तासांत दोन युनिटपेक्षा कमी वीज लागते. आवाज झोपेच्या खोलीत खटकण्याइतका आहे. जाळी दर पंधरवड्याला धुवावी लागते. आणि पाऊस सुरू झाल्यावर कूलर पूर्ण बंद करावा; मे महिन्याच्या कोरड्या हवेत जो कूलर वरदान ठरतो, तोच जुलैत खोलीत बाष्प ओततो.

डिसेंबरपासून यंत्राची गरज जवळजवळ संपली. थंडीत त्याच्या नळ्यांवर बर्फ धरतो आणि पाणीही फारसे निघत नाही. त्या दिवसांत आमच्या स्वयंपाकघराची काच आतून भिजते, कारण एक किलो गॅस जळताना सुमारे दीड लिटर पाणी बाष्परूपाने तयार होते, शिवाय भात-वरणाची वाफ वेगळीच. मात्र खानदेशातली हिवाळी हवा कोरडी असते. बाहेर १२ अंश आणि ६० टक्के आर्द्रता असलेल्या हवेत घनमीटरमागे जेमतेम साडेसहा ग्रॅम पाणी असते, तर घरातल्या २२ अंशांच्या हवेत तितक्याच टक्क्यांना साडेअकरा ग्रॅमच्या आसपास. त्यामुळे दहा मिनिटे समोरासमोरच्या खिडक्या उघडल्या की काच आपोआप सुकते. जुलैत हाच उपाय उलटा पडतो, कारण तेव्हा बाहेरच्या हवेत तेवीस ग्रॅमच्या घरात पाणी असते. म्हणून कोणी विचारले, तर मी आधी काहीशे रुपयांचा आर्द्रतामापक घ्यायला आणि पूर्ण एक पावसाळा त्याचे आकडे पाहायला सांगते. भिंती कोरड्या असूनही बंद खोलीतला आकडा सतत सत्तरच्या वर राहिला, तरच यंत्रावर पैसे खर्च करावेत.