लडाखमधल्या झांस्करचा जुना नकाशा: अमेरिकन शीट की सोव्हिएत?

भिंतीवर लावायचा असेल तर फार विचार नको, अमेरिकन घ्या. अमेरिकी लष्कराची १९५०च्या दशकातली यू-५०२ मालिका १:२,५०,००० प्रमाणाची. एका शीटवर १ अंश अक्षांश आणि दीड अंश रेखांश मावतात, त्यामुळे कुठलं खोरं कुठे उतरतं ते एका नजरेत कळतं. नावं रोमन लिपीत. पदुमसाठी (झांस्करमधलं मुख्य गाव) एनआय ४३-१२ हे शीट शोधा.

चालायचा बेत आखायचा असेल तर मात्र सोव्हिएत जनरल स्टाफचं १:१,००,००० शीट. अमेरिकन शीटएवढा मुलूख इथे ९ शीटांत येतो; पदुम आय-४३-०९४ वर. उंच पर्वतात कंटूर, म्हणजे समान उंचीच्या रेषा, दर ४० मीटर उंचीला असतात. अमेरिकन शीटवर दोन कंटूरमधलं उंचीचं अंतर फुटांत, तळाच्या समासात दिलेलं असतं. ते ५०० फूट असेल, तर दोन रेषांमध्ये १५२ मीटर चढ आणि शंभर मीटरचा कडा त्यात बेमालूम लपतो. तिथे समासातला विश्वसनीयतेचा छोटा नकाशाही (कुठल्या भागाचं सर्वेक्षण किती पक्कं ते दाखवणारा) आधी पाहा. कच्च्या सर्वेक्षणाच्या भागातल्या कंटूरवर रात्रीचा मुक्काम ठरवू नये.

रशियन लिपीला घाबरायचं कारण नाही. ‘पेर’ म्हणजे खिंड, ‘लेद’ हिमनदी, ‘ओझ’ तलाव. एवढ्यावर बरंच भागतं. खिंडीच्या उंचीपुढे कंसात आकडे दिसले तर ती खिंड कोणत्या महिन्यांत खुली असते ते. अमेरिकन शीट हे सांगत नाही.

जीपीएसवर चढवताना घोळ हमखास होतो. शीटच्या चार कोपऱ्यांचे अक्षांश-रेखांश थेट डब्ल्यूजीएस ८४ (जीपीएसचा डेटम, म्हणजे अक्षांश-रेखांश मोजण्याची संदर्भचौकट) समजून टाकले की सगळा नकाशा सरकतो. सोव्हिएतसाठी पुल्कोवो १९४२ हा डेटम निवडा, अमेरिकनसाठी एव्हरेस्ट लंबगोलावरचा (पृथ्वीच्या आकाराचं एक गणिती रूप) भारतीय डेटम. हे चुकलं तर अमेरिकन शीटवर शंभर मीटरहून जास्त फरक पडू शकतो, म्हणजे अरुंद घळीत सरळ पलीकडचा काठ.

स्कॅन निदान ३०० डीपीआयचा (इंचाला ३०० ठिपके) घ्या: तेव्हा एक पिक्सेल सोव्हिएत शीटवर साधारण साडेआठ मीटर, अमेरिकनवर २१ मीटर. छापताना ‘पानात बसवा’ हा पर्याय बंद ठेवा आणि पट्टी लावून तपासा: १० किलोमीटर सोव्हिएतवर १० सेंटिमीटर, अमेरिकनवर ४. हिमनदीचं तोंड मात्र दोन्हींवर जुन्याच जागी. ते ताज्या उपग्रहचित्रावरूनच घ्या.