१५८ च्या स्की मागवल्या, आल्या १८८ च्या : ४०,६५० रुपयांचा अनुभव

वापरलेल्या स्की, म्हणजे बर्फावरून घसरायच्या लांब पट्ट्या, आणि बूट ऑनलाइन मागवले, त्यात एकूण ४०,६५० रुपये गेले. आकडा आधीच सांगून टाकतो, कारण आमच्या बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत तो आता प्रत्येक जण आपापल्या परीने वाढवून सांगतो. कुणी लाख म्हणतो, कुणी दीड. खरा हिशेब असा : बुकिंगचे ५,०००, माल पॅक झाल्यावर ३१,५००, वाहतुकीचे २,३५० आणि शेवटी बायंडिंग (बूट स्कीला पकडून ठेवणारी खटकी) माझ्या वजनाला 'सेट' करून देण्याचे १,८००. त्यातल्या १,८०० चा राग सगळ्यात जास्त आहे. का, ते पुढे येईलच.

बेळगावात राहून स्की कशाला, हा प्रश्न कृपा करून विचारू नका. पोलीस ठाण्यातही पहिला प्रश्न तोच होता, आणि दुसरा, 'पाण्यावरच्या का?' मी गेल्या हिवाळ्यात गुलमर्गला बेसिक कोर्स केला. तिथे सामान त्यांचंच मिळतं. ते वाईट नसतं, पण शंभर पायांनी सैल झालेल्या बुटात नडगी सोलवटून निघाली आणि ठरवलं, पुढच्या वेळी सामान आपलं. स्वतःच्या कमाईचे पैसे होते. हौसेला खर्च करणं हा गुन्हा नाही.

विक्रेता एका ग्रुपवर भेटला. पत्ता कोल्हापूरचा, बोलणं अस्सल मराठी, 'युरोपातल्या रिसॉर्टमधला वापरलेला माल'. असले प्रकार कसे चालतात ते आपल्याला सगळ्यांनाच ठाऊक आहे, मलाही होतं. पण या माणसाने किमतीचं नावच काढलं नाही. पहिला प्रश्न, "सर, वजन किती? उंची किती?" ७२ किलो, १६८ सेंटिमीटर. मग, "किती शिकलाय? कुठे चालवणार, खाली सपाटीला की वर अफरवाट डोंगरावर?"

हे प्रश्न बरोबर आहेत, गोची इथेच झाली. स्की निवडायची ती अशीच. नवशिक्याला उभी धरल्यावर हनुवटी ते नाकापर्यंत येणारी बास होते, कारण आखूड स्की लवकर वळते. तरबेज माणूस कपाळापर्यंत किंवा त्याहून लांब घेतो. वजन जास्त असेल तर थोडी लांब आणि कडक, कमी असेल तर मऊ. दाबून सपाट केलेल्या उतारावर चालवायची तर कंबर, म्हणजे बुटाखालचा सगळ्यात अरुंद भाग, ७० ते ८५ मिलिमीटर चालते. गंडोलाच्या, म्हणजे तिथल्या रोपवेच्या, दुसऱ्या टप्प्याने अफरवाटवर जाऊन भुसभुशीत बर्फात उतरायचं असेल तर १०० च्या पुढची लागते, नाहीतर माणूस बर्फात रुततो. त्याने हे सगळं धडाधडा सांगितलं आणि म्हणाला, "तुम्ही सध्या खालीच राहणार. १५८ लांबी, कंबर ८०, वळणाची त्रिज्या १३ मीटर, मऊ. बूट ८० फ्लेक्सचे." फ्लेक्स म्हणजे बुटाचा कडकपणा. मी दोन-तीन ठिकाणी ताडून पाहिलं. एकही आकडा चुकीचा नव्हता. दुकानात उभा राहूनही यापेक्षा चांगला सल्ला मिळाला नसता. मग मी काय संशय घ्यायचा होता?

आता त्या फोटोचं सांगतो, जो आठवला की अजून जेवण जात नाही.

त्याने पाठवलेल्या फोटोत जोडी एका दरवाजाला टेकवून उभी केली होती. साधा फ्लश डोअर, असला दरवाजा सात फुटी असतो, म्हणजे २१३ सेंटिमीटर. १५८ ची स्की त्याला टेकवली तर वर पावणेदोन फूट मोकळं दिसायला हवं. फोटोत वर जेमतेम वीतभर मोकळं होतं. मी वर्कशॉपमध्ये दिवसभर यंत्रभागांची ड्रॉइंग वाचणारा माणूस, ०.०२ मिलिमीटर इकडेतिकडे झाला तर जॉब परत येतो. मला ते दिसलं नाही असं नाही. मी विचारलंसुद्धा, मेसेज अजून आहे : "लांब वाटतात." उत्तर आलं, "सर वाइड लेन्स आहे, खालून काढलाय, वर खेचल्यासारखं दिसतं." मोबाइलची वाइड लेन्स कडेची वस्तू ताणते, हे खोटं नाही. पण कुठलीही लेन्स असो, शेजारचा दरवाजाही तेवढाच ताणला जाणार! हे तेव्हा सुचलं नाही, रात्री अकराला सुचलं, आणि तोवर ३१,५०० गेले होते. त्या दिवशी डिस्पॅच होता, दोन पोरं कामावर आली नव्हती, मी स्वतः लेथवर उभा होतो. अशा वेळी तुम्ही काय केलं असतं?

क्यूआर कोड स्कॅन केल्यावर नाव वेगळंच दिसलं, तेव्हा "पार्टनरचं खातं" हे ठरलेलं उत्तर आलं. नाव जुळलं नाही तर पिन टाकायचा नाही, मग समोरचा कितीही गोड बोलो.

पार्सल ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनमधून रिक्षाने आणलं, आडवं मावेना म्हणून तिरकं घातलं. तिथेच कळायला हवं होतं म्हणणाऱ्यांना सांगतो, वेष्टणासकट सगळंच लांब दिसतं. वर्कशॉपमध्ये उघडून टेप लावली तर १८८. शेपटीकडे १५८ लिहिलेलं स्टिकर होतं, कोपरा किंचित वर आलेला. नखाने धरलं आणि सावकाश सोललं. खाली मूळ छपाई : १८८, आर ३०. डिंकाचा चिकट थर त्या आकड्यांवर तसाच राहिला होता, त्यात कुणाचा तरी अंगठा उमटलेला. व्हर्नियर लावला, कंबर ६५.

आर ३० म्हणजे वळणाची त्रिज्या ३० मीटर. १८८ आणि ३० हे आकडे बायकांच्या जायंट स्लॅलम, म्हणजे खांबांमधून वळत उतरायच्या, शर्यतीच्या नियमातले आहेत. म्हणजे मला कुठल्यातरी रेसरची टाकून दिलेली जोडी मिळाली. अशी स्की वेग असल्याशिवाय वळत नाही आणि वाकवायला मांड्यांत ताकद लागते. नवशिक्या तिच्यावर सरळ खाली जातो, थांबतो तो झाडाला. शिवाय एका स्कीची लोखंडी कड बुटाखाली बोटभर सुटलेली, आत पाणी जाऊन लाकूड फुगलेलं.

बूट १३० फ्लेक्सचे, माप २८.५. हे माप म्हणजे पावलाची लांबी सेंटिमीटरमध्ये. माझं पाऊल २६. याने मला चपलेचा नंबर विचारला होता, भिंतीला टाच लावून पाऊल मोजायला सांगितलं नव्हतं. लक्षात ठेवा : जो विकणारा पाऊल सेंटिमीटरमध्ये विचारत नाही त्याला बूट विकता येत नाहीत. डाव्या बुटाच्या प्लास्टिकला घोट्यापाशी केसाएवढी चीर होती, दाबली तर उघडत होती. जुनं प्लास्टिक आतून कुजतं, वरून चकचकीत दिसतं, आणि थंडीत जोर पडला की फुटतं.

आता ते १,८००. पडल्यावर बूट स्कीपासून सुटावा म्हणून बायंडिंगवर एक आकडा लावतात, डिन म्हणतात त्याला. तो वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि तुम्ही कसे चालवता यावरून काढतात. बुटाच्या तळाची लांबी टाचेजवळ मिलिमीटरमध्ये कोरलेली असते. माझ्यासारख्याला हा आकडा ५ ते ६ च्या घरात बसतो. आलेल्या बायंडिंगची पट्टी सुरूच होते ८ पासून, संपते १८ ला. ती ६ वर लावताच येत नाही! जे होऊच शकत नाही त्या कामाचे त्याने पैसे घेतले, वर "सर, सेफ्टी आहे, यात कंजुषी नको" असं सांगून. पडलो असतो तर बूट सुटला नसता आणि गुडघा गेला असता. पैशाचं एक वेळ सोडा.

आमचे दाजी फौजेतून रिटायर झालेत, गुलमर्गच्या हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूलमध्ये बर्फातला कोर्स केलेला माणूस. त्यांना बोलावलं. एक नजर टाकून म्हणाले, "ह्या रेसच्या हाईत गा. ह्येच्यावर तू उभारणार?" पैसे देण्याआधी त्यांना का नाही विचारलं, हे ताईने विचारून झालंय, कृपया परत नको.

विक्रेत्याने फोन उचलला, एकदाच. "तुम्हीच ऑर्डर केलं होतं," म्हणाला आणि ब्लॉक.

आता सरकारी दरबार. ठाण्यात गेलो तर विधिमंडळाचं अधिवेशन चालू, सगळे सुवर्णसौधच्या, म्हणजे इथल्या विधिमंडळाच्या इमारतीच्या, बंदोबस्ताला. "नाळे बर्री", म्हणजे उद्या या. दुसऱ्या दिवशीही "नाळे बर्री". मग एक साहेब भेटले : "माल आला ना? मग फसवणूक कुठली, हा सिव्हिल मॅटर." स्टिकर दाखवलं, फोटो दाखवला. ते म्हणाले, लांब आल्या तर कापून घ्या. हे चेष्टेत नाही, खरंच म्हणाले. तक्रार कन्नडमध्ये पाहिजे म्हणून लिहून देणारा शोधला, त्याचे ३०० वेगळे, ते वरच्या हिशेबात धरलेले नाहीत. मग कळलं, समोरचा महाराष्ट्रातला, तर कोल्हापूरला जा. निपाणी ओलांडून तिकडे गेलो, तर तिकडचे म्हणतात, तुम्ही कर्नाटकचे, पैसे तिथून गेले, तिकडेच नोंदवा. सीमाप्रश्न आमच्या पाचवीलाच पुजलेला, पण तो चोराच्या इतका कामी येईल असं वाटलं नव्हतं. १ जुलै २०२४ पासून नवीन नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे, तिच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, माहिती नोंदवून घ्यायची असते. त्याची प्रिंट काढून नेली. "आम्हाला कायदा शिकवता काय?" हे मात्र दोन्ही राज्यांत सारखंच ऐकायला मिळालं.

बँकेचं उत्तर एका ओळीचं : पिन तुम्हीच टाकला. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन पैसे गेल्याबरोबर केला तर रक्कम मधल्या खात्यातच अडवता येते. मला कळलं माल उघडल्यावर, तोवर ते खातं रिकामं. म्हणून रात्री अकराला शंका आली तर रात्री अकरालाच १९३० लावा, पार्सलची वाट बघू नका.

पार्सलमधलं बिल नंतर निवांत पाहिलं. पत्ता कोल्हापूरचा आणि जीएसटी नंबर २९ ने सुरू. महाराष्ट्राचा २७ असतो, २९ आपला, कर्नाटकचा. रोज बिलं फाडणाऱ्या माणसाला हे दाखवायला त्याला लाज वाटली नाही. पोर्टलवर नंबर टाकला तर धंदा भलताच निघाला. बिल पैसे देण्याआधी मागा आणि नंबर तपासा, दोन मिनिटं लागतात. हे घेऊन परत ठाण्यात गेलो, म्हटलं, घ्या, आता तर कर्नाटकचाच नंबर आहे. "बघतो" म्हणाले.

ग्राहक आयोगात अर्ज केलाय. २०१९ च्या कायद्याने आपण राहतो तिथेच करता येतो आणि ५ लाखांपर्यंत फी नाही. पहिली नोटीस 'पत्ता सापडत नाही' म्हणून परत आली.

ज्यांना घ्यायचंच आहे त्यांनी आधी फक्त बूट घ्या, तेही पायात घालून. स्की दोन हंगाम भाड्याने चालवा. लांबच्या कुणाकडून मागवत असाल तर टेप लावलेला फोटो मागा, शेपटीची छपाई आणि बायंडिंगची पट्टी जवळून, व्हिडिओ कॉलवर. टाळाटाळ केली की विषय संपला.

परवा तीच जोडी दुसऱ्या नावाने पुन्हा विकायला दिसली, २८,००० ला. म्हणजे जोडी माझ्याकडे पडून आहे, फोटो तिकडे फिरतोय, फक्त या वेळी दरवाजाचा वरचा भाग कापलाय. मी खाली लिहिलं तर मलाच ग्रुपमधून काढलं. या फोटोवर कुणी पैसे भरले असतील तर स्क्रीनशॉट आणि व्यवहार क्रमांक जपून ठेवा आणि आपल्या ठाण्यात वेगळी तक्रार द्या. एकाच खात्यावर तीन-चार तक्रारी झाल्या तर निदान "सिव्हिल मॅटर" म्हणायला त्यांना जड जाईल.