मुंबई पोलिसांची 'डिटेक्शन' सेवा: कोणाकडे काय असतं आणि कुठे अडतं

घर फुटलं किंवा गळ्यातली साखळी गेली की मुंबईत लगेच विचारणा होते, "केस क्राइम ब्रँचला देता येईल का?" तक्रारदाराने मागितली आणि मिळाली, अशी ही सेवा नाही. गुन्हा नोंदवतं पोलीस ठाणं. गुन्हे शाखा समांतर तपास करते, नाहीतर वरिष्ठांच्या आदेशाने गुन्हा तिच्याकडे वर्ग होतो. म्हणून पारख करायची ती आधी ठाण्यातल्या पथकाची.

ठाण्याचे प्रमुख वरिष्ठ पोलीस निरीक्षक. त्यांच्या हाताखाली गुन्ह्यांचं काम पाहणारे निरीक्षक असतात. गुन्हे प्रकटीकरण पथक, म्हणजे सगळे ज्याला 'डिटेक्शन स्टाफ' म्हणतात ते, एखाद्या एपीआय (सहायक पोलीस निरीक्षक) किंवा पीएसआयकडे (पोलीस उपनिरीक्षक) असतं आणि सोबत साध्या कपड्यातले मोजके हवालदार, शिपाई. तुमच्या गुन्ह्याचा तपास अधिकारी बऱ्याचदा तिसराच कोणीतरी असतो. जबाब, पंचनामा, रिमांड, आरोपपत्र ही त्याची कामं. माणूस शोधून आणणं पथकाचं. तक्रारदार फक्त तपास अधिकाऱ्याला फोन करत राहतो आणि पथकाला उपयोगी पडेल अशी माहिती तिथेच पडून राहते. दोघांचेही नंबर पहिल्याच दिवशी घ्यावेत.

या पथकांचं काम मनापासून दाद द्यावी असं आहे. साखळी खेचून दुचाकी पळाली, तर त्यांचा माणूस गल्लीतल्या प्रत्येक दुकानात जातो आणि फुटेज पाहण्याआधी डीव्हीआरचं, म्हणजे कॅमेऱ्याचं चित्रण साठवणाऱ्या यंत्राचं, घड्याळ स्वतःच्या मोबाइलशी ताडून घेतो. एका दुकानातलं घड्याळ सात मिनिटं पुढे, पुढच्यातलं तीन मिनिटं मागे. हा फरक वहीत टिपला नाही, तर दुचाकी एका कॅमेऱ्यात दिसते आणि दुसऱ्यात गायब होते. पळालेली दिशा धरून पुढे जातात, तसंच आलेली दिशा धरून मागेही जातात. कारण येताना चोर बेसावध असतो. कुठेतरी चहाला थांबतो, हेल्मेट काढतो. जोडीला रेकॉर्डवरच्या आरोपींची गुन्ह्याची पद्धत, खबरी आणि सीडीआर, म्हणजे फोन कॉलच्या नोंदी.

यात वेळ हातातून निसटतो. छोट्या दुकानांच्या डीव्हीआरमध्ये जुनं फुटेज काही दिवसांतच पुसून त्यावर नवं चढतं. गणपती, निवडणूक, मोर्चा आला की पथकाची माणसं बंदोबस्तावर जातात आणि नेमके तेच दिवस वाया जातात. सोसायटीने आपलं फुटेज त्याच दिवशी वेगळं काढून ठेवावं आणि मूळ डीव्हीआर तसाच सांभाळावा. नुसत्या पेन ड्राइव्हवर कोर्टात भागत नाही. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे प्रमाणपत्र लागतं.

गुन्हे शाखेचं मुख्य कार्यालय क्रॉफर्ड मार्केटजवळ, पोलीस आयुक्तालयाच्या आवारात. प्रमुख सह पोलीस आयुक्त (गुन्हे), खाली अपर आयुक्त आणि उपायुक्त. शहरभर 12 युनिट, शिवाय खंडणीविरोधी पथक, मालमत्ता कक्ष, अंमली पदार्थ विरोधी कक्ष असे खास विभाग. युनिटची ताकद ही की त्यांना ठाण्याची हद्द आडवी येत नाही; दहिसरची आणि चेंबूरची चोरी एकाच टोळीची आहे हे जोडायला ते मोकळे असतात. 'सीआयडी' म्हणजे हे नव्हेत. राज्याच्या सीआयडीचं मुख्यालय पुण्यात आहे. आणि लोकलमध्ये फोन गेला तर गुन्हा लोहमार्ग पोलिसांकडे, ते आयुक्तालयच वेगळं, हेल्पलाइन 1512. ऑनलाइन पैसे गेले तर कुठेही जाण्याआधी सायबर फसवणुकीची हेल्पलाइन 1930 लावावी, मग आपल्या प्रादेशिक विभागाचं सायबर ठाणं गाठावं. अशी 5 ठाणी आहेत.

या व्यवस्थेतलं सर्वांत मोठं दुखणं बदल्यांचं. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाप्रमाणे पीएसआयपासून निरीक्षकापर्यंतच्या अधिकाऱ्याचा सर्वसाधारण कार्यकाळ ठाण्यात 2 वर्षं, आयुक्तालयाच्या गुन्हे शाखेत 3 वर्षं. खटला त्याहून कितीतरी लांबतो. नव्या अधिकाऱ्याला कागद मिळतात, पण आधीच्याने कोणत्या गल्लीत काय ऐकलं होतं ते मिळत नाही. खबरी तर माणसाशी बांधलेला असतो, खुर्चीशी नाही. बदलीच्या वेळी तपासाचं लेखी हस्तांतरण अधिक बारकाईने व्हायला हवं. नवी वाहनं आणि नवे कॅमेरे यांच्याआधी हे व्हायला हवं.

तक्रार लिहितानाच्या चुका मात्र आपल्या हातात आहेत. चोरीला गेलेला फोन 'गहाळ' म्हणून लिहून दिला, तर गुन्हाच नोंदवला जात नाही. 5,000 रुपयांपेक्षा कमी किमतीची साधी चोरी आता अदखलपात्र आहे, तिचा तपास दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय होत नाही. म्हणून वस्तूचं बिल सोबत न्यावं आणि किंमत नीट लिहावी. साखळी किंवा फोन हातातून हिसकावला असेल, तर तसंच स्पष्ट लिहावं. हिसकावणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 304 खाली वेगळा, दखलपात्र गुन्हा आहे. फोनची ओळख पटवणारा 15 अंकी आयएमईआय क्रमांक बॉक्सवर सापडतो. एफआयआरची प्रत मोफत मिळते, आणि 90 दिवसांच्या आत तपासाची प्रगती कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे. ती विचारायला संकोच करू नये.

माल सापडला म्हणून लगेच घरी येत नाही. तो मुद्देमाल होतो आणि कोर्टाच्या आदेशाने परत मिळतो. त्यासाठी दंडाधिकाऱ्याकडे अर्ज लागतो. सोनं वितळवून लगड झालेली असेल तर ओळख पटवणं कठीण जातं. तेव्हा कामाला येतात ती सराफाची पावती, वजन आणि अंगावर दागिना स्पष्ट दिसणारा एखाद्या लग्नातला फोटो.